पैसे घ्यायला पिन लागत नाही

पूर्वी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी मुंबईहून चाकरमान्याची मनीऑर्डर येई. पोस्टमन ओटीवर टेकत असे. आपण अंगठा उठवायचा आणि नोटा मोजून घ्यायच्या. अंगठा दिला की पैसे मिळत, ही सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

आता मुलगा फोनवरून पैसे पाठवतो. ते क्षणात खात्यात जमा होतात. मासळीवालीच्या टोपलीजवळही चौकटीचौकटीचे चित्र असलेला पुठ्ठा दिसतो. शिवाय बँकेचे एटीएम कार्ड आपल्या खिशात असतेच. म्हणून वर्गात आम्हाला नेहमी विचारतात, "गुरुजी, कार्ड बरे की फोन बरा? पैसे सुखरूप कशात?" आज आपण याचाच विचार करू.

कार्डाचे कुलूप

जुन्या कार्डाला पाठीमागे नुसती काळी पट्टी असे. चोर तिची नक्कल करीत. म्हणून चिपची कार्डे निघाली. चिप म्हणजे कार्डावरचा पिवळा चौकोनी तुकडा. तिची नक्कल करणे फार कठीण. २०१८ साल संपण्याच्या आत जुनी कार्डे बदलून द्या, असा रिझर्व्ह बँकेने बँकांना हुकूम केला होता.

कार्ड हाती लागले तरी एटीएममधून पैसे काढायला चार आकड्यांचा पिन लागतो. मात्र काही कार्डांवर लाटांसारखी खूण असते. असे कार्ड दुकानात यंत्राला नुसते टेकवले, तरी ५,००० रुपयांपर्यंत पिन न दाबता पैसे जातात. ही सोय नको असेल तर बँकेत सांगून बंद करता येते.

फोनचे कुलूप

फोनवरून पैसे देण्याची यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. बँकेत ज्या नंबराची नोंद आहे, तेच सिमकार्ड फोनात असावे लागते. फोन उघडायचे कुलूप वेगळे आणि पैसे देण्याचा पिन वेगळा. दुकानदाराच्या हाती आपले कार्ड जात नाही, त्यावरचे आकडेही त्याला दिसत नाहीत. म्हणजे कुलूप म्हणून पाहिले, तर फोन कार्डापेक्षा कमी नाही. उलट थोडा सरसच आहे.

मग फोनवरून लोक फसतात कसे? याचे उत्तर असे : कार्ड खिशात मुके पडून राहते. फोन मात्र बोलतो. त्यातून कोणीही परका माणूस थेट आपल्या ओटीवर येऊन बसतो.

एका आंबेवाल्याची गोष्ट

आमच्या शेजारच्या वाडीत एक बागायतदार आहेत. एका हंगामात त्यांना फोन आला. "भाऊ, आम्हाला दहा पेट्या हापूस हवा. आगाऊ पैसे पाठवतो. एक चित्र पाठवले आहे. ते स्कॅन करा आणि पिन दाबा, की पैसे जमा."

भाऊंनी तसे केले. ९,००० रुपये गेले. समोरचा म्हणाला, "पैसे मध्येच अडकले. पुन्हा एकदा करा, दोन्ही मिळून येतील." भाऊंनी पुन्हा पिन दाबला. आणखी ९,००० गेले.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, पैसे यायचे होते. ते गेले कसे?"

आम्ही त्यांचा फोन पाहिला. पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेले होते की पैसे द्यायचे आहेत. रक्कमही लिहिली होती. भाऊंना मराठी वाचता येते, पण फोन इंग्रजीत होता. आणि मनात जुनी सवय होती : अंगठा दिला की पैसे मिळतात.

मंडळी, इथेच चूक होते. मनीऑर्डर घेताना अंगठा लागत असे. यूपीआयवर नेमके उलटे आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन दाबला की पैसे जातात.

भरपाई कोण देतो?

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर मोठा दरोडा पडला. चोरांनी बँकेच्या संगणकात शिरून, खोटी कार्डे वापरून अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पण ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही. नुकसान बँकेचे झाले.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली नियम केला. बँकेची चूक असेल तर भार बँकेवर. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, तर बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवावे. मग आपले नुकसान होत नाही. पण पिन आपणच दुसऱ्याला दिला असेल, तर कळवीपर्यंत गेलेला पैसा आपला गेला. म्हणून उशीर हा दुसरा चोर समजावा.

पैसे गेले तर

लाजू नका, लपवू नका. त्याच घटकेला १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. बँकेलाही कळवा. चोराने पैसे काढून घेण्याआधी ते वाटेतच रोखता येतात. भाऊंनी त्याच संध्याकाळी फोन केला. दुसरे ९,००० वाटेत रोखले गेले आणि पुढे परत मिळाले. पहिले मात्र गेले ते गेलेच.

लक्षात ठेवा

१. पिन कोणालाही सांगू नये. कार्डावर किंवा पाकिटात लिहून ठेवू नये.
२. फोनवर आलेला ओटीपी कोणाला वाचून दाखवू नये. बँक तो कधी विचारीत नाही.
३. भीम अ‍ॅप मराठीतून चालते. आपल्या फोनातले अ‍ॅप मराठीत करून घ्यावे.
४. पिन दाबण्याआधी नाव वाचावे, रक्कम वाचावी. मगच बोट लावावे.

आपण अक्षर शिकलो ते कशासाठी? कागदावर डोळे मिटून अंगठा उठवायचे दिवस संपावेत म्हणून. फोनच्या पडद्यावरही डोळे मिटून बोट लावू नका.

प्रश्न

१. मनीऑर्डर आणि यूपीआय यांत कोणता फरक आहे?
२. भाऊंनी दुसऱ्यांदा पिन दाबण्याआधी काय करायला हवे होते?
३. पैसे गेल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करावा? तो क्रमांक भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.