न दुखणारा आजार

उच्च रक्तदाब दुखत नाही. दाढ ठणकली की माणूस दंतवैद्य गाठतो, गुडघा धरला की जिना टाळतो. रक्तदाब मात्र १६०च्या वर गेला तरी भूक, झोप आणि काम बहुतेकांचे पूर्वीसारखेच चालू राहते. डोके जड होणे, गरगरणे, कानशिले तापणे या तक्रारी घरोघरी बीपीच्या खात्यावर टाकल्या जातात, पण त्यांचा आणि यंत्रावरच्या आकड्याचा मेळ क्वचितच बसतो. शरीर आठवण करून देत नसल्यामुळे ती व्यवस्था वही, घड्याळ आणि स्वयंपाकघर यांच्याकडे सोपवावी लागते. या आजारातल्या जवळपास सगळ्या चांगल्या सवयी म्हणजे त्या व्यवस्थेचेच भाग.

हृदय आकुंचन पावताना धमन्यांत जो दाब असतो तो वरचा आकडा आणि ते सैलावते तेव्हाचा खालचा. दवाखान्यात पुन्हा पुन्हा मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब आढळला, तर भारतात सामान्यतः उच्च रक्तदाबाचे निदान करतात. घरच्या मोजणीसाठी ही रेषा थोडी खाली, १३५/८५वर धरतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ती आणखी खाली, १३०/८०वर आणली. धोका मात्र रेषेपाशी अचानक सुरू होत नाही. सुमारे दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, चाळिशी ते सत्तरीच्या वयात ११५/७५पासून पुढे वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के उच्च रक्तदाबाच्या वर्गात मोडले. म्हणजे चारपाच प्रौढांच्या प्रत्येक घरात सरासरी एक जण.

या आजारात सर्वात महाग पडणारे वाक्य ‘आता नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?’ हे आहे. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या बाबतीत तेच झाले. निवृत्तीच्या सुमारास तपासणीत दाब वाढलेला सापडला, रोज एक गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत आकडा १३०च्या आत आला. ‘अहो, गोळी घेतलीत का?’ हा आईचा सकाळचा प्रश्न काही दिवस चालला, मग तोही थांबला. शेजारीपाजारी ‘एकदा सुरू झाली की आयुष्यभर सुटत नाही’ असे बजावणारे होतेच. गोळी बंद झाली. पुढे काही महिने काहीच झाले नाही, त्यामुळे निर्णय बरोबर होता असेच सर्वांना वाटले. मग एका सकाळी चहाची कपबशी उजव्या हातातून निसटली आणि बोलणे जड झाले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. चालणे परत आले, बोलणेही बरेचसे आले. हाताचे वळण आले नाही. पेन्शनच्या खात्यासाठी बँकेत सहीचा नमुना बदलून द्यावा लागला.

आकडा नॉर्मल येतो तो गोळी चालू असल्यामुळे. रक्तदाबाची बहुतेक औषधे दाब आटोक्यात ठेवतात, मूळ प्रवृत्ती बरी करत नाहीत. औषध थांबले की दाब काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्वपदावर जातो. ‘गोळीची सवय लागते’ या समजुतीत तथ्य नाही. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी औषधे एकाएकी सोडली तर दाब आणि नाडी उसळी घेऊ शकतात, हे खरे. पण तो डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करण्याचा मुद्दा झाला. वजन उतरले, मीठ कमी झाले, तर काहींची मात्रा घटवता येते, क्वचित गोळी थांबवताही येते. तो निर्णय घरच्या नोंदी समोर ठेवून डॉक्टरांनी घ्यायचा. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज आली, रामिप्रिल किंवा इनालाप्रिलने कोरडा खोकला लागला, तर गोळी गुपचूप टाकून न देता बदलून मागावी. पर्याय भरपूर आहेत आणि अनेक औषधे स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यांत मोफतही मिळतात.

गोळी कोणत्या वेळी घ्यावी यावर बराच खल होतो. ब्रिटनमधील २१ हजारांहून अधिक रुग्णांच्या एका अभ्यासात सकाळी आणि संध्याकाळी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताच्या प्रमाणात फरक दिसला नाही. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा जी वेळ चुकणार नाही ती चांगली. दात घासण्याच्या ब्रशशेजारी किंवा देवघराच्या फळीवर पाकीट ठेवणारे लोक सहसा विसरत नाहीत. गोळी चुकते ती मुख्यतः तीन प्रसंगी : प्रवासात, लग्नघरात आणि उपवासाला. संकष्टीला पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपवास मोडतो असे मानणाऱ्यांनी चहाचा विचार करावा. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी दुसरे आणून ठेवणे ही साधी गोष्ट बऱ्याच खाड्यांवरचा उपाय आहे.

मोजणीतल्या चुका औषधाइतक्याच महत्त्वाच्या, कारण चुकीच्या आकड्यावर चुकीची मात्रा ठरते. जिना चढून येऊन, बाजाराची पिशवी खाली ठेवता ठेवता दंडाला पट्टा गुंडाळणे ही नेहमीची पद्धत. तिच्यातून येणारा आकडा जिन्याचा असतो. चहा, तंबाखू किंवा व्यायाम यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटे निवांत बसावे, पाय जमिनीवर सपाट, मांडी किंवा आढी न घालता. हात टेबलावर असा टेकवावा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. लोंबता हात आकडा वाढवतो. पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि मोजताना बोलू नये. ‘किती आलं, किती आलं?’ असे विचारणाऱ्या नातवंडांना तेवढा वेळ बाहेर पाठवावे. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून यंत्र घेताना दंडाचा घेर मोजून पट्टा निवडावा. मनगटावरची यंत्रे सोयीची असली तरी दंडावरच्या यंत्रांइतकी भरवशाची नाहीत.

रोज दहादा मोजण्यात काही मिळत नाही; मिळते ती धास्ती, आणि ती पुढचा आकडा वाढवते. डॉक्टरांची भेट ठरली की आधीचा आठवडाभर सकाळी गोळी व न्याहारीपूर्वी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदोन वेळा मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. सगळे आकडे वहीत लिहावेत, नकोसेही. दवाखान्यात डॉक्टरांना पाहून दाब वाढणारे पुष्कळ असतात; उलट दवाखान्यात ठीक आणि घरी वाढलेला असेही काही जण असतात. हे दुसरे लोक वहीशिवाय सापडत नाहीत.

मीठ हा या आजाराचा स्वयंपाकघरातला भाग. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडे कमी. भारतीयांचे सरासरी सेवन याच्या बरेच वर आहे. आपल्या घरात किती मीठ जाते याचा अंदाज पुडीवरून काढता येतो. माणशी ५ ग्रॅम धरले तर चार जणांच्या घरात एक किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. ती महिन्याभरात संपत असेल, तर लोणच्याला आणि भाज्या धुण्याला गेलेले वजा करूनही उरलेला हिशेब पाहण्यासारखा असतो. बाहेरचा वडापाव, फरसाण, बिस्किटे, पाव आणि सॉस त्यात धरलेलेच नाहीत.

मराठी ताटात खरी गडबड डाव्या बाजूला असते. वाढप मिठापासून सुरू होते आणि लोणचे, चटणी, पापड, सांडगी मिरची हे सगळे त्याच बाजूला येतात. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि त्यातही सोडियमच. कोकणात सुके बोंबील, सुकट, खारवलेला बांगडा आणि मीठ घातलेले कोकम आगळ यांची भर पडते. उपवासाचे शेंदेलोण निरुपद्रवी मानले जाते. तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच आहे, रंग गुलाबी असला तरी. अळणी जेवायची गरज नाही. कणकेत आणि भातात मीठ न घालणे, ताटात वरून न घेणे, ताकात मिठाऐवजी जिरेपूड टाकणे आणि लोणच्याची फोड रोजच्याऐवजी सणावारी ठेवणे, एवढ्याने मोठा फरक पडतो. भाजीतले मीठ एकदम अर्धे केले की घरात बंड होते. दर आठवड्याला चिमूटभर कमी केले तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि काही आठवड्यांत जीभ रुळते. मग पूर्वीची भाजी खारट लागू लागते.

सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेले मीठ बाजारात मिळते. चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण घटलेले आढळले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणाऱ्यांना या मिठाने रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. त्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

दाब वाढवणाऱ्या काही गोष्टी मिठाच्या डब्याबाहेर असतात आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या दाब वाढवतात आणि मूत्रपिंडावरही ताण आणतात. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांचे तसेच. पित्तावरचा फसफसणारा सोडा सोडियमचाच. घशासाठी ज्येष्ठमध चघळणे एखादा दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने घेतल्यास ते दाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. मशेरीतही तंबाखूच असते. जोरात घोरणारा आणि झोपेत श्वास अडकणारा माणूस दिवसा पेंगत असेल, तर गोळ्या वाढवण्याआधी त्याची झोप तपासायला हवी.

‘झाडपाल्याचे औषध, त्याला अपाय नाही’ या समजुतीला रक्तदाबाचा इतिहासच उत्तर देतो. १९४० च्या दशकात या आजारावर औषधे जवळजवळ नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० इतका नोंदला गेला होता आणि डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या भारतीय मुळीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. औषध खरोखर लागू पडत होते. त्याचबरोबर काही रुग्णांत खोल नैराश्यही दिसू लागले आणि पुढे सौम्य औषधे आल्यावर हे औषध मागे पडले. गुण देणारी मुळी अपायही करू शकते, म्हणून गोळीच्या जोडीला कोणतेही चूर्ण किंवा काढा चालू असेल तर तो डॉक्टरांना सांगावा.

चालणे, वजन आणि फळे-भाज्या यांबद्दल नवे सांगण्यासारखे थोडेच आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील डॅश अभ्यासात फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूधदही यांवर भर दिलेल्या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सुमारे ११ ने कमी झाला, तोही मीठ आणि वजन तसेच ठेवून. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मात्र सर्वात स्वस्त आणि सर्वात निरुपयोगी. काळजी करणाऱ्याला काळजी करू नको म्हटल्याने आकडा हलत नाही. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि साखर तपासून घेणे जास्त कामाचे, कारण मूत्रपिंडही न दुखता बिघडते.

एखाद्या दिवशी १८०/१२० असा आकडा आला, तर शांत बसून काही मिनिटांनी पुन्हा मोजावे. बाकी काही त्रास नसेल आणि आकडा तसाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. जिभेखाली गोळी ठेवून दाब झटक्यात उतरवण्याची जुनी पद्धत १९९० च्या दशकातच धोकादायक ठरली; दाब एकदम कोसळला की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. छातीत दुखणे, दम लागणे, दिसेनासे होणे, तोंड वाकडे होणे, एका हातातले बळ जाणे किंवा शब्द अडखळणे यांपैकी काहीही झाले तर आकडा कितीही असो, १०८ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून सामान्यतः साडेचार तासांच्या आत देतात, आणि ते जितके लवकर तितके चांगले. अशा माणसाला पाणी, चहा किंवा गोळी तोंडाने देऊ नये, कारण गिळणे बिघडलेले असू शकते. तो शेवटचा ठीकठाक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्यावी आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. इंजेक्शन द्यायचे की नाही हे ठरवताना डॉक्टर आधी याच दोन गोष्टी विचारतात.