आर्चीची गाडी, माझी गाडी

'सैराट' चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला आला, तेव्हा आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. खामगावच्या त्या उन्हात दुपारच्या खेळाला निम्मे लोक गारव्यासाठीच आले असतील. तेव्हापासून मला उमगलेलं, जसं आठवेल तसं.

१. शिट्ट्या वाजतात तिथं खरी गोष्ट नसते. 'झिंगाट' गाण्याला अख्खं थिएटर नाचलं. मी अडकले ती हैदराबादच्या झोपडीत. जातीबाहेरच्या परश्यासोबत पळून आलेल्या, वाड्यात वाढलेल्या आर्चीला तिथला वाससुद्धा सोसत नाही. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, ती बाटल्यांच्या कारखान्यात. आर्ची झालेल्या रिंकू राजगुरूला बुलेटवर सगळ्यांनी पाहिलं. मला ती झोपडीतच मोठी नटी वाटली.

२. संशय पगाराच्या मागोमाग घरात शिरतो. आर्ची कमावू लागली, चारचौघांशी हसून बोलू लागली आणि परश्या बिथरला. तो वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत. खलनायक असता तर तिला सोपं गेलं असतं. मला शिकवण्यांचे पैसे मिळू लागले तेव्हा आमच्याकडेही रोज सुरू झालं, "कोनाचा फोन व्हता?"

३. भांडायला मिळणं हीसुद्धा चैन आहे. त्या दोघांची दिलजमाई झाली, लग्न झालं, मूल झालं. मग आईने पाठवलेल्या भेटी घेऊन आर्चीचा भाऊ आला, आणि दोघंही मारली गेली. शेवटी दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतलाय. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. आमचं लग्न जातीतलं, पत्रिका जुळवून, मानपानासकट. आमच्या दारी तसं कुणी येणार नव्हतं. इतकं फुकटात मिळालेलं आम्ही वरणातल्या मिठावरून नासवत होतो.

४. सासूला मध्ये घालू नये. (यावर अधिक लिहीत नाही.)

५. गाडी लेट असावी. आर्ची रागाने गाडीत बसते आणि परत फिरते. पुढे एकदा मीही पिशवी भरून मलकापूरला, माहेरी निघाले. जलंब स्टेशनावर कळलं, पॅसेंजर दीड तास उशिरा. तासाभराने हे मोटारसायकलवर आले. 'चुकलं' हा शब्द ह्यांच्या तोंडात नाही. बाकावर टेकले, म्हणाले, "लेट हाये काय?" मग कचोरी आणली. दोघांत एकच पुडी.

गाडी आली. ह्यांनी पुडीतली मिरची माझ्याकडे सरकवली.