नोकरीचा हुद्दा आणि प्रत्यक्ष काम

अमक्याचा मुलगा पुण्याला 'इंजिनिअर' म्हणून लागला, असे अर्धापुरात कानावर आले की आम्ही विचारतो, काम काय करतो? कापडाच्या धंद्यात थानावरचा शिक्का वाचून आम्ही माल उचलत नाही. पन्हा मोजतो, सूत चोळून पाहतो. हुद्द्याचेही तसेच करावे.

जुना दाखला गिरणीचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत 'जॉबर' म्हणजे नावापुरता मागांवर देखरेख करणारा. प्रत्यक्षात माणूस कामावर घेणे बहुतेक त्याच्याच हाती असे. फाटकाशी उभ्या बदली कामगाराची रोजी त्याच्या मर्जीवर चाले. ही मर्जी आटोक्यात यावी म्हणून 1935 मध्ये गिरणीमालकांनी बदली नियंत्रण पद्धत आणली. आणि 'बदली' याचा अर्थ तरी काय? कोणी गैरहजर असेल तर आज काम, नाहीतर घरी. कित्येकांची उमर त्यात गेली.

आजचे शब्द गोड आहेत. 'अप्रेंटिस' हा 1961 च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळते, आणि करारात तसे लिहिलेले नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. हे घरच्यांना आधी ठाऊक असावे.

'सुपरवायझर' या शब्दापासून मात्र जास्त जपावे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ठराविक पगारावरचा पर्यवेक्षक 'कामगार' गणला जात नसे. 2020 च्या संहितेत ती मर्यादा महिना 18,000 रुपये आहे. म्हणजे कार्डावर सुपरवायझर छापले की मालक म्हणणार, तू कामगार नाहीस, तुला ते संरक्षण नाही. न्यायालयांनी मात्र वारंवार सांगितले आहे की नाव नव्हे, मुख्य काम पाहावे. दिवसभर पाना फिरवणारा मुलगा नुसत्या नावाने साहेब होत नाही. म्हणून हजेरी, कामाच्या चिठ्ठ्या, पगारपत्रक जपून ठेवावे.

याउलट आयटीआयची नावे साधी, पण पक्की. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर. मुलीकडचे लोक 'फिटर' ऐकून नाक मुरडतात, हे आम्हाला पटत नाही. तारतंत्री आणि वीजतंत्रीही एक नव्हेत. वायरमनला आठवी पासवर प्रवेश, इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. पुढे वीजजोडणीचे ठेके स्वतःच्या नावावर घ्यायचे असतील, तर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा ठेकेदार परवाना वेगळा काढावा लागतो.