उन्हाळ्यात औषधी बाग कशी जगवावी?



आपल्या शाळेच्या मागे एक छोटी औषधी बाग आहे. ती ८ पावले लांब आणि ६ पावले रुंद आहे. मध्ये कडुलिंबाचे मोठे झाड आहे. बागेत तुळस, कोरफड, अडुळसा, गवती चहा, गुळवेल, शतावरी, पानओवा आणि हळद एवढ्या वनस्पती आहेत. कुंपणाला निर्गुंडी आहे.

आपले गाव माण तालुक्यात आहे. परिसर अभ्यासात आपण शिकलो, की सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरकडे खूप पाऊस पडतो आणि पूर्वेला कमी कमी होत जातो. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. म्हणून आपल्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. उन्हाळ्यात माणगंगा कोरडी पडते आणि आपण तिच्या वाळूत खेळतो. अशा ठिकाणी बाग लावणे सोपे, पण वैशाखात ती जगवणे अवघड. गेल्या उन्हाळ्यात मी तिसरीतून चौथीत जाणार होते. तेव्हा सुट्टीत बागेची पाळी आम्ही ५ मुलांनी घेतली. त्यात आमच्या चुका झाल्या, त्याही मी लिहिणार आहे.

आमची पहिली चूक

सुट्टी लागली तेव्हा शाळेचा नळ आटला होता. आम्ही घरून पाणी आणायचे ठरवले. प्रत्येक झाडाला रोज १ तांब्या, असा नियम केला. आम्हाला वाटले, सगळ्यांना सारखे दिले म्हणजे न्याय झाला. आम्ही जेवून दुपारी यायचो आणि पाणी ओतायचो. जमीन तापलेली असायची. पाणी चर्रकन आत जायचे आणि थोड्या वेळाने वर पांढरी कोरडी माती दिसायची.

१५ दिवसांनी एक तुळस वाळून गेली. पाने चुरली तरी वास येईना. आणि ३ कोरफडींपैकी २ बुडातून मऊ पडल्या. हात लावला तर पान गळून हातात आले, त्याला घाण वास येत होता. मला कळेना, तुळस पाण्यावाचून मेली आणि कोरफड पाण्याने कशी मेली?

मी आज्जीला विचारले. आज्जी म्हणाली, "आगं पोरी, शेळीला आन् म्हशीला सारखंच पाणी लागतं व्हय? मग झाडास्नी कसं सारखं लागंल?"

नंतर गुरुजींनी समजावून सांगितले. कोरफडीच्या जाड पानात गर असतो. त्या गरात ती पाणी साठवून ठेवते. तिच्या मुळाशी रोज ओल राहिली तर मूळ कुजते. तुळशीची पाने पातळ असतात. त्यातून पाणी लवकर उडून जाते, म्हणून तिला थोडे थोडे पण नेमाने पाणी लागते.

दुसरी चूक

ही चूक माझी एकटीची आहे. तेव्हा गावात टँकर येत होता. एकदा ४ दिवस तो आलाच नाही. मला बागेची काळजी वाटली. मी आईला न सांगता पिण्याच्या हंड्यातून २ तांबे पाणी काढून बागेत नेले. दुसऱ्या दिवशीही नेले. तिसऱ्या दिवशी आईने हंड्यात वाटी घातली, ती तळाला लागली. आईने मला मारले नाही. ती हंड्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "मी दुसऱ्याच्या हिरीवरनं डोक्यावर आणलंय गं हे." मग ती त्या उन्हात परत हंडा घेऊन गेली. मी तिच्या मागे कळशी घेऊन गेले. विहीर किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळले.

त्या रात्री मी ठरवले, की बागेला पिण्याचे पाणी घालायचे नाही. मग घालायचे कोणते? आज्जीने मला घरातले पाणी दाखवले. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी, साबण न लावता हातपाय धुतलेले पाणी, माठाखालच्या भांड्यात ठिबकलेले पाणी. एका बादलीत साठवले तर दिवसाला अर्धी बादली जमते! आधी हे सगळे मोरीतून वाहून जात होते. साबणाचे आणि कपड्याच्या पावडरीचे पाणी मात्र झाडाला घालू नये. मिठाचे पाणीही नको.

कोणाला किती पाणी?

मग आम्ही नियम बदलला. वहीत लिहून ठेवलेला नवा नियम पुढीलप्रमाणे –

तुळस – रोज संध्याकाळी १ तांब्या.
गवती चहा – एक दिवसाआड २ तांबे.
पानओवा – एक दिवसाआड अर्धा तांब्या, जागा सावलीत.
अडुळसा – ४ दिवसांनी २ तांबे.
गुळवेल – ८ दिवसांनी २ तांबे.
कोरफड – १० दिवसांनी १ तांब्या, तोही माती कोरडी असेल तरच.
शतावरी – पाने वाळल्यावर पाणी जवळजवळ बंद.
हळद – उन्हाळ्यात वाफा रिकामा. गड्डे काढून बियाणे सावलीत ठेवतात आणि जेठात परत लावतात.

हा नियम आपल्या बागेच्या मातीचा आहे. दुसरीकडे थोडा फरक पडेल. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघावे. बोटाच्या दोन पेरांपर्यंत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पाणी दिवस मावळताना किंवा अगदी सकाळी घालावे. दुपारी घातलेले पाणी मुळापेक्षा उन्हालाच जास्त मिळते.

पाणी वाचवायच्या युक्त्या

१) पालापाचोळा : आम्ही एक प्रयोग केला. उरलेल्या ३ तुळशींपैकी एकीच्या बुडाशी कडुलिंबाचा वाळलेला पाला ४ बोटे जाड पसरला. दुसरीच्या बुडाशी काही घातले नाही. दोघींना सारखेच पाणी घातले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट घातले. उघड्या मातीत ओल लागली नाही. पाल्याखाली माती गार आणि ओली होती. मग सगळ्यांनाच पाला घातला. फक्त कोरफडीच्या अंगाला तो चिकटवला नाही.

२) गाडलेला माठ : कुंभारआळीतून टवके उडालेले ३ छोटे माठ मागून आणले. झाडापासून वीतभर अंतरावर खड्डा करून गळ्यापर्यंत पुरले. आत पाणी भरून वर फरशीचा तुकडा ठेवला. माठाला बारीक बारीक छिद्रे असतात. त्यातून पाणी हळूहळू मातीत पाझरते आणि मुळे तिकडे वळतात. आमचा माठ तिसऱ्या दिवशी भरावा लागायचा. पण एक लक्षात ठेवा. आम्ही घरचा जुना माठ आणला होता, तो पाझरेचना. आज्जी म्हणाली, "ज्या माठात पानी गार व्हत न्हाई, त्यो मातीतबी पाझरत न्हाई." जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजतात. म्हणून आधी माठात पाणी भरून बघावे. बाहेरून घाम आला तर तो माठ चांगला.

३) सावली : तुळस आणि पानओव्यावर पश्चिमेच्या बाजूने ज्वारीच्या कडब्याची ताटी उभी केली. दुपारनंतरचे ऊन फार कडक असते. कडुलिंबाला चैत्रात नवी पालवी येते, त्याचीही सावली मिळते.

४) मंजिरी खुडणे : तुळशीला मंजिऱ्या फार आल्या की ती थकते. काही मंजिऱ्या बियांसाठी ठेवून बाकीच्या खुडाव्या. झाडाला नवी पाने फुटतात.

शेळ्यांची गोष्ट

एका संध्याकाळी कुंपणाचे फाटक उघडे राहिले आणि ३ शेळ्या आत आल्या. त्यांनी गुळवेलीचा बुंधा चावून तोडला. वेल वर कडुलिंबावर आणि मूळ खाली जमिनीत, मध्ये काही नाही! माझ्या मैत्रिणीला रडू आले. पण शेळ्यांनी अडुळशाला तोंडसुद्धा लावले नव्हते. त्याची पाने फार कडू असतात. निर्गुंडीही तशीच राहिली होती. तेव्हा आम्हाला कळले, की कुंपणाला अडुळसा आणि निर्गुंडी लावावी. पावसाळ्यात त्यांच्या फांद्या लावल्या की फुटतात.

आणि गुळवेलीचे काय झाले? ती मेली नाही. पावसाळ्यात वर लटकलेल्या वेलीने दोऱ्यासारखी मुळे खाली सोडली. ती लोंबत लोंबत जमिनीला टेकली. गुरुजी म्हणाले, "म्हणूनच तिला अमृता म्हणतात."

मेलेले वाटते, पण मेलेले नसते

चैत्रात शतावरी पार वाळली. नुसती काटेरी काडी राहिली. एक मुलगा म्हणाला, "ही मेली, उपटून टाकू." गुरुजींनी त्याला थांबवले. त्यांनी हलकेच माती उकरली. खाली बोटासारखी पांढरी जाड मुळे झुपक्याने होती! त्यांनी परत माती लोटली. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला आणि काही दिवसांनी तिथून हिरवा कोंब वर आला. म्हणून उन्हाळ्यात वाळलेले झाड उपटण्याआधी मोठ्या माणसांना विचारावे. गुळवेलीची पानेही उन्हाळ्यात झडतात, पण वेल हिरवी असते. नखाने वरची साल जरा खरवडली की कळते.

शेवटी काय वाचले?

शाळा उघडली तेव्हा आम्ही मोजले. १ तुळस आणि २ कोरफडी गेल्या. बाकी सगळे जगले. उरलेल्या कोरफडीला बाजूने ४ पिल्ले आली होती, ती आम्ही वेगळी लावली.

आषाढात रिमझिम लागली तेव्हा आई मला म्हणाली, "बागेतनं गवती चहाची चार पानं आण गं, तुझ्या आबांना कढत चहा करते." मी पाने आणली. आईने एक पान वास घेऊन बघितले आणि हसली. आता आमच्या मोरीशेजारची बादली आई स्वतःच भरून ठेवते. मला सांगावे लागत नाही.

एक सूचना : बागेतली पाने औषधी असली तरी आपण मुलांनी ती मनाने तोंडात घालू नयेत. खोकला, ताप आला तर मोठ्यांना सांगावे आणि दवाखान्यात जावे.

आता सकाळची शाळा सुरू झाली आहे. आम्ही चौथीची मुले पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार. या सुट्टीत बाग तिसरीच्या मुलांच्या हाती आहे. पाण्याची वही गुरुजींच्या कपाटात ठेवली आहे, ती मागून घ्या. आणि पालकहो, आपली शेळी बांधून ठेवावी आणि भाजी धुतलेले पाणी मोरीत सोडू नये, ही नम्र विनंती.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी