मांसाहार : परवानगी आणि जबाबदारी

जनावराला वेदना होतात आणि मांसाशिवायही माणूस जगू शकतो. मग त्याचा प्राण घेणे न्याय्य कसे? व्हीगन विचाराचा हा प्रश्न आज आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींपुढेही उभा राहतो. त्याची टिंगल करणे हे त्याचे उत्तर नव्हे.

प्रश्न नवा नाही. सिरियातील अंध अरबी कवी अबुल अला मअर्री (९७३-१०५७) यांनी मांसच नव्हे, तर दूध, अंडी आणि मधही वर्ज्य केला होता. फातिमी दाई अल-मुअय्यद शिराझी यांनी पत्र लिहून कारण विचारले. मअर्रींनी प्राण्यांच्या वेदनेचा दाखला दिला. आपल्या तुटपुंज्या उत्पन्नाचाही उल्लेख केला. शिराझींच्या प्रतिवादाचा आशय असा, की ज्या निर्मात्याने मांस वैध ठरवले, त्याच्याहून अधिक दयाळू आपण कसे होणार?

श्रद्धावंताला हे उत्तर पटते. पण ते इथेच संपत नाही. ज्याने परवानगी दिली, त्यानेच अटीही घातल्या.

प्राण्यांची वेदना इस्लामला मान्य आहे. सूरह अल-अनआम (३८) पशुपक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हणते. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरल्याचे हदीसमध्ये आहे. तरीही सूरह अन-नहल (५) गुराढोरांच्या लाभांत आहाराची गणना करते आणि सूरह अल-माइदा (८७) वैध वस्तू स्वतःवर निषिद्ध करण्यास मनाई करते.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे घोरपडीसारख्या प्राण्याचे मांस आले. त्यांनी ते खाल्ले नाही, पण हराम ठरवले नाही, ह. खालिद (रजि.) यांनी ते त्यांच्यासमोरच खाल्ले. न खाणे वेगळे आणि निषिद्ध मानणे वेगळे. आवड किंवा प्रकृतीमुळे कोणी मांस टाळले, तर तो गुन्हेगार नव्हे. हलालला हराम म्हणणे मात्र मर्यादाभंग होय.

जबह करताना अल्लाहचे नाव का घेतात? बलवान आहोत म्हणून प्राण घेण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. खऱ्या मालकाच्या अनुमतीनेच हात पुढे होतो. म्हणून सुरी धारदार असावी, जनावराला त्रास होऊ नये, अशी प्रेषितांची (स.) आज्ञा आहे. सुरी नियमानुसार फिरली, पण त्याआधीचे आयुष्य कोंदट पिंजऱ्यात वा खचाखच भरलेल्या ट्रकमध्ये गेले, तर त्या छळाचा जाब उरतोच. विकत घेणाऱ्यानेही हा विचार करावा.

शिवाय रोज मांस खाणे ही सुन्नत नव्हे. प्रेषितांच्या (स.) घरी कित्येक दिवस चूल पेटत नसे, खजूर आणि पाण्यावर गुजराण होई. मांसाची चटक लागते, असा इशारा ह. उमर (रजि.) यांनीही दिला होता.

सूरह अल-हज (३७) सांगते, की कुर्बानीचे मांस व रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही; पोहोचते ते ईशभय. व्हीगन मित्राला द्यायचे उत्तर आपल्या युक्तिवादाआधी आपल्या वागण्यात दिसले पाहिजे. जनावराशी निर्दयपणे वागून दयेच्या धर्माची बाजू मांडता येत नाही.