समुद्री ससाण्यांचा एक हंगाम

फुटबॉल म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे पायाने टोलवावयाचा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेत याच नावाचा जो खेळ आहे, त्यातील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असून तो बहुधा हातांत धरून पळावयाचा असतो. अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण, आणि त्यानंतर तो लाथेने दोन खांबांमधून पार केला की आणखी एक. हा शेवटचा एक गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्यावाचून पुढील हकीकत समजणार नाही.

१९४२ साली, महायुद्ध चालू असता, अमेरिकन नौदलाने भावी वैमानिकांच्या प्राथमिक शिक्षणासाठी चार ठिकाणी शाळा उघडल्या. त्यांपैकी एक आयोवा विद्यापीठात होती. आयोवा हा मक्याच्या शेतांचा प्रांत. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. तरी तेथील संघाने 'सी-हॉक्स', म्हणजे समुद्री ससाणे, हे नाव घेतले! मुष्टियुद्ध, कुस्ती, पोहणे व फुटबॉल हे या शाळेत करमणुकीचे विषय नव्हते. ते अभ्यासक्रमाचेच भाग होते. विमान चालविणाऱ्याने थकलेल्या शरीरानेही क्षणात निर्णय घ्यावा, हा त्यामागील हेतु.

हा हेतु पोकळ नव्हता. आयोवाच्याच क्रीडांगणावर नावारूपास आलेला नाइल किनिक हा १९३९ चा सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू. तो नौदलात वैमानिक झाला. २ जून १९४३ रोजी व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ सरावाचे उड्डाण करीत असता त्याचे विमान समुद्रात पडले व तो वारला. वय अवघे चोवीस. त्यानंतर तीनसाडेतीन महिन्यांनीच ससाण्यांचा हंगाम सुरू झाला.

त्या हंगामात त्यांनी आठ विद्यापीठांशी व दोन लष्करी छावण्यांशी सामने दिले. इलिनॉयला ३२-१८, ओहायो स्टेटला २८-१३ असे हरविले. ज्यांच्या घरी ते राहत होते त्या आयोवा विद्यापीठालाही २५-० ने धूळ चारली. पाहुण्याने यजमानाचा असा समाचार घेतलेला आम्ही दुसरा ऐकला नाही.

येथे एक शंका आमच्या मनात येते. नाविक तळाच्या संघात व्यावसायिक संघांतून आलेले कसलेले पुरुष होते. समोर, विशेषतः ओहायो स्टेटकडे, सतरा-अठरा वर्षांची पोरे. नौदल आपल्या विद्यार्थ्यांस विद्यापीठाच्या संघात खेळू देई, भूसेना देत नसे. ओहायो स्टेट भूसेनेच्या वाट्यास आलेले, म्हणून आदल्या वर्षी अग्रस्थानी असलेला त्यांचा संघ पार मोडला होता. शाळेच्या क्रीडादिनी शिक्षक विद्यार्थ्यांविरुद्ध खेळतात तेव्हा आम्हांसही हा संकोच वाटतो. (अलीकडे आम्हीच हरतो, ही गोष्ट निराळी.) असले सामने तुल्यबळांचे नव्हते, हे आम्हांस कबूल करावेसे वाटते. तरीही ते न होते तर बरे झाले असते, असे म्हणवत नाही. कित्येक महाविद्यालयांनी त्या वर्षी खेळच बंद केला होता. ज्यांनी चालू ठेवला, त्यांच्या मुलांस आपणांहून थोरांशी झुंजावे लागले.

संघाचे शिक्षक डॉन फरो हे मूळचे मिझुरी विद्यापीठाचे. १९४१ साली त्यांनी 'स्प्लिट टी' नावाचा एक डाव बसविला होता. बास्केटबॉलमध्ये दोन गडी एका बचाव करणाऱ्यावर चालून गेले म्हणजे काय होते? तो ज्याच्याकडे धावतो, त्याने चेंडू दुसऱ्यास द्यावयाचा. फरो यांनी हेच तत्त्व उचलले. रांगेतील गडी दूर दूर उभे करावयाचे, चेंडू घेतलेल्याने रांगेलगत आडवे सरकावयाचे, आणि टोकाचा प्रतिस्पर्धी अंगावर आला तर चेंडू सोबत्याकडे टाकावयाचा. न आला तर स्वतःच मुसंडी मारावयाची. विचार साधा, पण निर्णय निमिषात करावयाचा. हाच डाव घेऊन त्यांनी स्वतःच्या मिझुरीलाही २१-७ ने हरविले.

२० नोव्हेंबर रोजी नोटर डेम विद्यापीठाशी गाठ पडली. क्रीडालेखकांच्या मतगणनेत ते पहिले, ससाणे दुसरे. नोटर डेमचा प्रमुख खेळाडू अँजेलो बर्टेली सहा सामन्यांनंतर सैनिकी शिक्षणासाठी निघून गेला होता; त्याच्या जागी अठरा वर्षांचा जॉनी लुजॅक उभा होता. दोन्ही संघांनी दोन-दोन वेळा रेषा ओलांडली. नोटर डेमच्या दोन्ही लाथा साधल्या. ससाण्यांची एक हुकली. १४-१३! संपूर्ण हंगामातील हा त्यांचा एकुलता एक पराभव. पुढच्या आठवड्यात त्यांनी मिनेसोटाला ३२-० ने हरविले. त्याच दिवशी ग्रेट लेक्स या दुसऱ्या नाविक तळाने नोटर डेमला १९-१४ असे हरविले, तरी अखेरच्या गणनेत नोटर डेम पहिले व ससाणे दुसरेच राहिले.

फरो यांचे दोन तरुण साहाय्यक होते, बड विल्किन्सन व जिम टेटम. त्यांनी तो डाव तेथेच आत्मसात केला. फरो यांनी काही हातचे राखून ठेविले नाही. युद्धानंतर विल्किन्सन ओक्लाहोमाचे शिक्षक झाले; त्यांच्या संघाने १९५३ ते १९५७ या काळात ओळीने ४७ सामने जिंकले. टेटम यांचा मेरिलँडचा संघ १९५३ साली देशात पहिला आला. पण १९५४ च्या नववर्षदिनी दोघे गुरुबंधू समोरासमोर आले, तेव्हा ओक्लाहोमाने ७-० असा विजय मिळविला. आणि फरो? ते मिझुरीला परतले होते. शिष्याने शिकलेला तो डाव त्यांना वर्षानुवर्षे आपल्याच विरुद्ध पाहावा लागला. १९५६ साली, शिक्षक म्हणून त्यांच्या शेवटच्या हंगामात, विल्किन्सन यांच्या संघाने त्यांच्या संघाचा ६७-१४ असा पराभव केला.

१९७२ साली मिझुरीच्या मैदानास फरो यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी आयोवाच्या त्या क्रीडांगणास नाइल किनिकचे.