भाताच्या पेशीवरील पहारेकरी

जनावरास रोग जडला असता त्याच्या रक्तातील पेशी जंतूंशी झगडतात. भाताच्या रोपास रक्त नाही. मग भाताची एक जात कडा करप्यास बळी पडते आणि शेजारच्या खाचरातील दुसरी जात हिरवी राहते, हे कसे घडते? याचे उत्तर पानातील पेशींच्या पटलात आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्ये व प्रथिने यांचे अतिशय पातळ पटल असते. त्यातील काही प्रथिने पहारेकऱ्याचे काम करतात. अशा प्रथिनाचे एक टोक पटलाबाहेर व दुसरे आत असते. बाहेरच्या टोकास जंतूची खूण पटली की आतील टोक पेशीस इशारा देते आणि पेशी प्रतिकारास लागते.

आफ्रिकेतील माली देशाच्या रानटी भातात कडा करप्याचा जंतू ओळखणारा असा पहारेकरी आढळला. तो निर्माण करणाऱ्या गुणघटकास ‘एक्सए-२१’ म्हणतात. त्याची रचना १९९५ मध्ये उलगडली. हैदराबाद येथे संकराने तयार झालेल्या व २००८ मध्ये प्रसारित केलेल्या ‘सुधारित सांबा मसुरी’ वाणात तो आणखी दोन गुणघटकांसह आहे. त्यांपैकी ‘एक्सए-१३’मुळे पटलातील साखरेचे द्वार जंतूस आपल्या सोयीने उघडता येत नाही. एक पहारा चुकला तरी दुसरा उरावा, हा यातील हेतू होय.

परंतु पहारेकरी ओळखीच्या चोरासच अडवितो. कडा करपा जिवाणूमुळे होतो, तर करपा बुरशीमुळे. एकास न जुमानणारा वाण दुसऱ्यासही जुमानणार नाही, असे समजू नये. शिवाय रोप कोवळे असताना ‘एक्सए-२१’चा पहारा दुबळा असतो. म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी :

१. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापू नयेत. जखमेतून जंतू आत शिरतो.

२. नत्रखत एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे.

३. रोगट खाचरातील पाणी निरोगी खाचरात सोडू नये.

४. पानाच्या कडा टोकाकडून पिवळ्या पडून नागमोडी वाळू लागल्यास पानाचा तुकडा कापून पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. कापलेल्या जागेतून ढगाळ द्राव उतरल्यास तो कडा करपा समजावा.

वाळलेले पान कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवे होत नाही. यास्तव ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही माहिती रोपवाटिका टाकण्यापूर्वीच शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवावी.